गोळ्यांची पिशवी आणि एकादशी

ज्येष्ठ वद्यात पैठणहून नाथांची पालखी निघते. त्या वेळी दिंडीतल्या पडशा उघडून पाहिल्या तर हरिपाठाची पोथी, टाळ, बुक्क्याची डबी यांच्यासोबत गोळ्यांची एक पिशवी हमखास निघेल. साखरेची, बीपीची, गुडघ्याची. पन्नाशी ओलांडलेल्या किती जणांची पडशी आज या पिशवीवाचून भरते? माझी तर भरत नाही.

एका आजाराशी माणूस जुळवून घेतो. तीन एका घरात नांदू लागले की त्यांचे आपसात पटत नाही. साखर म्हणते चाला, गुडघा म्हणतो बसा. दुकानातून दुखण्याची गोळी आणून रोज खावी, तर तीच रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंडावर येते. आपल्या संभाजीनगरच्या घाटीत केसपेपर हातात धरून या ओपीडीतून त्या ओपीडीत जाणारी खेड्यापाड्यांतली म्हातारी माणसे तुम्ही पाहिली असतील. प्रत्येक आजाराचा कागद वेगळा. ते सगळे कागद एका डॉक्टरांपुढे मांडून ‘यातले आधी काय सांभाळू?’ एवढे मात्र विचारत जा.

मला बोलायचे आहे ते नेमाविषयी. तीन वर्षांपूर्वी आषाढीला सकाळची साखरेची गोळी घेतली आणि पाणीही न पिता वाळूजच्या छोट्या पंढरपूरला पायी निघालो. डॉक्टरांना विचारले नव्हते. विचारले असते तर ‘नको’ म्हणाले असते, म्हणूनच विचारले नव्हते. वाटेत हात थरथरू लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतच्या पोराने खडीसाखर तोंडात घातली म्हणून वाचलो. चार माणसे आपले दर्शन सोडून माझ्यापाशी रस्त्याच्या कडेला बसून राहिली.

तिथे बसल्या बसल्या मनात आले, हा उपवास कोणासाठी होता? पांडुरंगासाठी, की ‘चाळीस वर्षांत एक एकादशी मोडली नाही’ असे चारचौघांत सांगता यावे म्हणून? खरे उत्तर मला आवडले नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात देव सांगतात की, अजिबात न खाणाऱ्याला योग साधत नाही. सतराव्यात तर दंभाने शरीर कष्टवणारा त्या शरीरात राहणाऱ्या मलाच कष्ट देतो, असे म्हटले आहे. ज्ञानेश्वरीच्या पारायणात हे दोन्ही अध्याय मी कितीदा वाचले होते! (साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाऊन साखर चढवणे याला उपवास म्हणावे का, हा प्रश्न वेगळाच आहे.)

तुम्ही म्हणाल, अशाने सगळेच नेम सुटतील. भीती खरी आहे. आजार ही सोयीची ढालही होते. एकादशीला प्रकृतीचे कारण सांगणारा माणूस द्वादशीला जिलबीला नाही म्हणत नाही, हे मी पाहिले आहे, केलेही आहे. डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य नेमासारखे पाळणारालाच नेम सैल करण्याचा अधिकार आहे, असे मला वाटते. यापुढची रेघ ज्याची त्याने ओढायची.

अवघड गोष्ट मात्र दुसरीच निघाली. पुंडलिकाची कथा ऐकताना आपण नेहमी पुंडलिकाच्या जागी उभे राहतो. सेवा करणारे आपण आणि विटेवर थांबलेला देव. त्या खोलीत त्याचे आईवडीलही होते, हे आपण विसरतो. कोणीतरी सेवा करून घेतली म्हणून पुंडलिकाला सेवा करता आली. आजाराने मला त्यांच्या जागी आणून ठेवले आणि तिथे बसणे मला जड गेले.

मधुमेहाने तळपायाची जाणीव गेली आहे. खडा रुतला तरी कळत नाही. म्हणून रोज रात्री नातू माझे पाय पाहतो, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. जन्मभर दुसऱ्यांच्या पायांवर डोके ठेवत आलो, आपले पाय कोणाच्या हाती द्यायची सवय नव्हती. पहिले काही दिवस मी ते ओढून घेत असे. आता घेत नाही. तो बॅटरी धरतो आणि तेवढ्यात माझा हरिपाठ होतो.