बरं म्हणजे किती बरं?

केमो सुरू असताना मला व्हायरल ताप आला. मित्रांच्या भाषेत हा दोन दिवसांचा पाहुणा. पण केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, तेव्हा 100.4 फॅरनहाइटला पोचलेला ताप अंगावर काढायचा नसतो. मध्यरात्रीच दवाखाना गाठला.

आठवड्याने ताप उतरला. मास्क लावून गंगापूर रोडवर सोमेश्वरच्या दिशेने थोडं चालून आलो. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "बरे झालात का दादा?"

"हो," म्हणालो आणि अडखळलो. गाठ तर तशीच आहे. मग मी खोटं बोललो का?

मला वाटतं, नाही. बरं होणं म्हणजे कुठलाच आजार नसणं, असं धरलं तर माझ्यासारख्याला हा शब्द कदाचित कधीच वापरता येणार नाही. पण परवा जिना चढवत नव्हता, आज चढलो. तेवढं बरं माझं आहे, खरं आहे.

फक्त त्या 'हो'चा अर्थ 'आता मी तुमच्यासारखा' असा घेऊ नका. सर्दी असेल तर फोन करा. आजाऱ्याला बघायला जाणं ही आपल्याकडे माया. कधी कधी न जाणं हीसुद्धा.