स्थैर्य कशाचे?

दिवाळीच्या फराळाला चार मंडळी जमली, की चकलीच्या जोडीला राजकारण यायचेच. आणि राजकारण आले, की कोणीतरी हमखास म्हणतो, "एकाच खमक्या माणसाच्या हाती वीस-पंचवीस वर्षे देश द्या; मग पाहा काय प्रगती होते ती! इथे नव्याने यायचे आणि जुन्याचे मोडायचे, हाच धंदा." यावर बहुतेक माना डोलतात. माझीही मान थोडी हलते. परंतु पुरी हलत नाही. ती कोठे अडते, एवढेच येथे सांगायचे आहे.

या म्हणण्यात तथ्य आहेच. वर्षाच्या बोलीने खंडाने जमीन घेतलेला माणूस तिला बांध घालीत नाही, शेणखत टाकीत नाही. हाती लागेल तेवढे पीक काढून घेतो. पुढच्या साली जमीन आपल्याकडे राहील, याची त्याला खात्री नसते. राज्यकर्त्यांचेही तसेच. ज्याला उद्याचा भरवसा नाही, तो जंगल राखणार नाही, तोडून विकील. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली. तिचे सार असे, की आजच्या गरजा जरूर भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवणे अशक्य होईल अशा रीतीने नव्हे. अजून जन्मास न आलेल्यांचा विचार करायचा, तर राज्याची घडी स्थिर हवी, हे उघड आहे. प्रश्न आहे तो, स्थिर काय असावे हा.

इंडोनेशियाचे उदाहरण घ्या. सुहार्तो यांनी त्या देशावर तीस वर्षांहून अधिक काळ, १९९८ च्या मे महिन्यापर्यंत, राज्य केले. याहून स्थिर खुर्ची कोठे मिळायची? त्या स्थैर्याने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शाळा निघाल्या, दारिद्र्य घटले, १९८४ च्या सुमारास देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पुढे मात्र तांदूळ पुन्हा बाहेरून आणावा लागू लागला. तेव्हा १९९५ मध्ये वरून हुकूम सुटला, की बोर्निओ बेटावरील दलदलीच्या जंगलात सुमारे दहा लाख हेक्टर जमीन भातशेतीखाली आणावी. ती जमीन म्हणजे हजारो वर्षांचा झाडपाला पाण्यात अर्धवट कुजून साचलेला थर. ओला आहे तोवर निरुपद्रवी. वाळला की सरपण! पर्यावरणाचा रीतसर अभ्यास पुरा होण्याआधीच कालवे खणायला सुरुवात झाली. पाणी निघून गेले. १९९७ साली पाऊस रुसला, आणि भुईच पेटली. त्या वर्षीच्या इंडोनेशियातील वणव्यांचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. भात म्हणण्याजोगा पिकलाच नाही. सुहार्तो गेल्यावर ती योजनाही गुंडाळली गेली.

मला या हकिकतीतल्या आगीपेक्षा शांतता अधिक भयंकर वाटते. अशा जमिनीत भात नीट येत नाही, हे जाणणारी माणसे त्या देशात नव्हती काय? होती. पण त्यांचे ऐकून हुकूम मागे घेईल, अशी सोय नव्हती. खुर्ची इतकी स्थिर झाली होती, की तिच्यावरची चूकही स्थिर झाली.

आता मध्य अमेरिकेतले कोस्टा रिका पाहा. एका अल्पशा यादवीनंतर १९४८ साली या चिमुकल्या देशाने आपले सैन्यच मोडीत काढले. तेथे अध्यक्ष चार वर्षांचा. लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहायची त्याला मुभा नाही. म्हणजे आपल्या फराळाच्या मंडळींच्या हिशेबाने अगदीच अस्थिर देश! गुरांच्या कुरणांसाठी तेथे इतकी तोड झाली, की १९८० नंतरच्या दशकात जंगल एक चतुर्थांशाच्या आसपास उरले. १९९६ साली कायदा झाला: जंगल मोडून दुसरे काही करायचे नाही, आणि जो आपल्या जमिनीवर झाडे राखील त्याला त्याबद्दल पैसे मिळतील. ते इंधनावरच्या करातून यायचे. दोनच वर्षांनी विरोधी पक्ष सत्तेवर आला. पैसे बंद झाले नाहीत. आज त्या देशाचा अर्ध्याहून अधिक भाग पुन्हा जंगलाखाली आहे.

इतके दूर जायलाही नको. माझ्यासारख्या शिक्षकाच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो. वर्षाकाठी तो २५०० रुपयांवर जात नाही. तरी त्याबद्दल आम्ही कुरकुरतोच. पण हा कर १९७५ साली बसला, तो खेड्यातल्या मजुराला मागेल तेव्हा काम देता यावे म्हणून. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू झाली, वि. स. पागे यांनी तिचा ध्यास घेतला होता. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या अवधीतल्या मुख्यमंत्र्यांची नावे मोजा: १९७५ ते १९८० या काळात वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील, शरद पवार आणि अंतुले. मध्ये राष्ट्रपती राजवटही येऊन गेली. खुर्ची पाच वेळा हलली. वचन हलले नाही. त्या वचनातून पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली. १९९० पासून त्याच योजनेतून शेतकऱ्यांनी फळबागा लावल्या. अनुदान तीन वर्षांत विभागून मिळायचे. पहिल्या वर्षी खड्डे खणणाऱ्याने तिसऱ्या वर्षावर विश्वास ठेवला, म्हणून कलमे जगली. हजेरीपटावर खोटी नावे चढली, हेही खरे; पण ती चढली म्हणून बोलताही आले.

यावर कोणी म्हणेल, वचनच चुकीचे असले तर? ते टिकवणे हा अनर्थच. म्हणून तर नुसते वचन पुरत नाही. ते तपासण्याची, वेळी मोडण्याची मोकळीकही हवी. न जन्मलेल्या नातवंडांना मत नाही. त्यांच्या वतीने आज बोलू शकतो तो प्रश्न विचारणारा माणूस. आणि त्यालाच गप्प बसवून मिळालेले स्थैर्य त्यांच्या हिश्शातून घेतलेले असते.

तेव्हा यंदाच्या फराळाला तो विषय निघालाच, तर पुढाऱ्याला तुम्ही किती वर्षे राहणार, हे विचारायचे राहू द्यावे. तुम्ही गेल्यावर काय राहणार, ते विचारावे.