सार्वजनिक म्हणजे कुणाचं?

आपलं उल्हासनगर १९४९ चं, लष्करी छावणीतून उभं राहिलेलं. पुस्तकांचं जुनं घर बघायचं तर शेजारच्या कल्याणला जावं लागतं. तिथलं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. त्याच्या दहा वर्षं आधी, १८५४ ला, कल्याणपर्यंत आगगाडी आली होती.

‘सार्वजनिक’ या शब्दापाशी मी अडतो. १८६४ च्या सर्व जनांत आपला खापरपणजा होता काय? १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार पोरानं सरकारी शाळेसाठी अर्ज केला. सरकारनं त्याला आत घेतलं नाही. ज्याला शाळाच नाय, त्याला वाचनालयाची बंदी लिहून कशाला ठेवायची? अक्षरच दिलं नाही की दार सताड उघडं ठेवलं तरी चालतं.

१९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव पास झाला. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, कागदावर. ओंजळभर पाण्याला १९२७ उजाडलं. बाबासाहेबांच्या मागं हजारो माणसं चालत गेली तेव्हा ते तळं सार्वजनिक झालं. म्हणजे सार्वजनिकपण पाटीत नसतं, वापरात असतं.

मी गिरणीत बदली कामगार. एका वाचनालयात फॉर्म मागितला. नाव कशाला सांगू? अनामत भरायला तयार होतो. म्हणाले, जुन्या सभासदाची सही आणा. आमच्या चाळीत सभासद कोण? जात कुणी विचारली नाही. तरी मी बाहेरच.

काही दोस्त म्हणतात, “कशाला जायाचं तिथं? आपुन आपलं वेगळं काढू.” काढूच. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधलं. पण तळ्याचा खटला सोडला नाही, १९३७ पर्यंत हायकोर्टात लढवला. स्वतःचं उभारायचं आणि सगळ्यांचं आहे त्यावरचा हक्कही सोडायचा नाही, दोन्ही एकाच वेळी.

आता आपल्याकडं बघू. आमच्या विहारात पुस्तकांचं कपाट आहे. त्याला कुलूप. किल्ली सेक्रेटरीच्या खिशात. बाया वंदना करून घरी जातात, कपाटाकडं बघतही नाहीत. मातंग वस्तीतलं एक पोरगं दारात घोटाळतं. त्याला आपण कोणाची सही मागतोय?

येत्या रविवारी मी त्या वाचनालयात परत जाणार आहे, फॉर्म घेऊन भांडायला. पण त्याआधी विहारात जाऊन किल्ली मागणार आहे.