टाचण्या काढल्यावर

लोकरीचा जाळीदार स्कार्फ सुईवरून उतरतो तेव्हा चोळामोळा झालेल्या फडक्यासारखा दिसतो. तो कोमट पाण्यात भिजवावा, पंचात दाबून टिपावा, चारी बाजूंनी ताणून सतरंजीवर टाचण्यांनी टाचावा आणि वाळू द्यावा. तेव्हा कुठे नक्षी डोळे उघडते.

कोणाला भेट द्यायची म्हणून मी विणायला बसते तेव्हा मनात येते, या तासांचा हिशेब ठेवावा का? स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या बायका अंगठीतून आरपार जाईल इतकी तलम शाल विणीत. मोबदला मात्र पुष्कळदा रोख पैशांऐवजी चहा नि कापड असा मिळे. १८७२ साली सरकारी आयोगाने त्याची चौकशी केली. तिथे टाक्याटाक्याचा हिशेब मागणे न्यायाचेच होते. भेटीत मात्र तोच हिशेब घेणाऱ्यावर ओझे होऊन बसतो. बाजारात न मोजणे हा अन्याय. प्रेमात, मोजणे हा.

स्कार्फ वाळला की टाचण्या काढाव्याच लागतात. 'तुझ्यासाठी मी किती रात्री जागले!' हीही एक टाचणीच नव्हे का? ती आत राहिली, तर ऊब मिळेल खरी. पण मान वळवली की टोचेल.