उजव्या बाजूची खुर्ची



कामानिमित्त धुळ्याला जाणाऱ्यांनी गोंदूरच्या बाजूला आकाशात घिरट्या घालणारी छोटी विमाने पाहिली असतील. १९२८ साली मुंबईत जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण गेली काही वर्षे इथे चालत आले आहे. शिरपूरच्या धावपट्टीवरूनही मुले-मुली उडायला शिकली. वैमानिक होणे ही गोष्ट त्यामुळे आता फक्त मुंबई-दिल्लीची राहिलेली नाही. आपल्या कपाशीच्या आणि मक्याच्या शेतांवरून ती रोज उडताना दिसते.

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ मला भेटायला आले. ते आपल्या धर्मग्रामातले नाहीत, तेव्हा ते कोण याचा तर्क कृपया कोणी करू नये. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे. वय ४१. पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम पंधरा वर्षे करतात. पत्नी शिक्षिका, मुलगा नववीत, मुलगी पाचवीत. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "फादर, मला पायलट व्हायचंय. विमान कंपनीत. लहानपणापासून मनात होतं, तेव्हा पैसे नव्हते. हे देवाचं बोलावणं समजू की माझा हट्ट?"

असा प्रश्न आला की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांचे: "आता या वयात? चाललंय ते नीट सांभाळ." दुसरे उत्तर हल्लीच्या व्याख्यात्यांचे: "मनाचा आवाज ऐका, स्वप्नाला वय नसते." मला दोन्ही उत्तरे पटत नाहीत. पहिल्यात माणसाची किंमत कमी धरली जाते, दुसऱ्यात त्याच्या घरच्या माणसांची.

आधी हिशेब पाहू. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय १८ आहे. चाळिशीत शिकायला बंदी नाही. विमान कंपनीत वयाच्या ६५ वर्षांपर्यंत उडता येते. म्हणजे ४१ व्या वर्षी सुरुवात केली, तरी हाती वीस वर्षे उरतात. पण त्याआधी वैद्यकीय तपासणीत डोळे, कान, हृदय सगळे पास व्हावे लागते. हवाई दिशाशोधन, हवामानशास्त्र, उड्डाणाचे नियम, विमानाची तांत्रिक माहिती अशा विषयांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात. किमान २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते. खर्च साधारण ५० लाखांच्या घरात जातो, पुष्कळदा त्याहून वर. मोठे प्रवासी विमान चालवण्याचे खास प्रशिक्षण पुन्हा वेगळे. आणि इतके करून नोकरीची हमी कुणी देत नाही. किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. वीस-वीस वर्षे उडालेले कॅप्टनसुद्धा एका रात्रीत घरी बसले.

जिवाची जोखीमही आहेच. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरहून निघालेले एक प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीच्या शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. डोंगरातले आदिवासी बंधुभगिनी धावून गेले. एका माऊलीने आपली साडी दिली, तिची झोळी करून त्या मुलीला खाली आणले. या उड्डाणाचा विचार करताना त्या साडीचाही विचार करावा, असे मला वाटते. वर जाणाऱ्याचा भार शेवटी खालचे कुणीतरी उचलत असते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस आम्हाला फार कठीण वाटायचे. पण त्यांचा एक विचार मला धर्मगुरू झाल्यावर रोज उपयोगी पडला. ते म्हणतात की मोठ्या कामाला हात घालणारे मन हा एक सद्गुण आहे, आणि त्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना खड्डे आहेत. एका बाजूला आपल्या ताकदीबाहेरचे धरू पाहणारी घमेंड, दुसऱ्या बाजूला ताकद असूनही मागे सरणारा कोतेपणा. प्रभूच्या दाखल्यातील ज्या चाकराने आपला तालांत जमिनीत पुरून ठेवला, तो अक्वायनस यांच्या मते या कोतेपणाचाच नमुना. म्हणजे "गप्प बसून नोकरी कर" हा सल्ला नेहमीच धार्मिक नसतो. कधी कधी तो नुसता घाबरटपणा असतो.

मग घमेंड कोणती आणि मोठे मन कोणते, हे ओळखायचे कसे? याचे उत्तर मला विमानातच सापडले. प्रवासी विमानात पुढे दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे सहवैमानिक. नवा माणूस, मग तो २२ वर्षांचा असो की ४५ वर्षांचा, उजवीकडे बसतो. कंपनीत ज्येष्ठता वयावर ठरत नाही, कोण आधी आले यावर ठरते. म्हणजे आमच्या या भाऊंना कदाचित तिशीतल्या कॅप्टनच्या हाताखाली काम करावे लागेल. आज ज्यांच्या हाताखाली वीस माणसे आहेत, त्यांनी उद्या पोरांबरोबर वर्गात बसायचे आणि चुकले की ऐकून घ्यायचे.

मी त्यांना विचारले, "भाऊ, तुम्हाला तो पांढरा शर्ट आणि खांद्यावरच्या पट्ट्या हव्या आहेत, की हवामानाचा तक्ता वाचत बसण्याच्या रात्री सुद्धा हव्या आहेत?" ते थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "हवामानाचं पुस्तक मी आणून वाचलंय, फादर. दोनदा." ते उत्तर मला आवडले.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस हे मुळात शिपाईगडी. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि तिशीत आयुष्याची दिशा बदलली. पुढे काम करायचे तर लॅटिन हवे होते. म्हणून तिशी ओलांडलेला हा माणूस बार्सिलोनात लहान मुलांच्या बरोबर बाकावर बसून व्याकरण शिकला. मला त्यांच्या दर्शनांपेक्षा त्या बाकाचे जास्त कौतुक वाटते. शिकवून घेण्याची तयारी हा अक्वायनसनी विवेकाचाच एक भाग मानला आहे, आणि म्हाताऱ्यांना व विद्वानांनाही त्यातून सूट दिलेली नाही.

इथवर आमचे बोलणे छान चालले होते. मग मी सहज विचारले, "घरी काय म्हणतात?"

ते खिडकीबाहेर पाहू लागले. "तिला अजून सांगितलं नाही. आधी सगळं पक्कं करतो, मग सांगतो. दोन एकराचं गिऱ्हाईक मात्र पाहून ठेवलंय."

बंधुभगिनींनो, माझ्या मते खरा नैतिक प्रश्न इथे होता. वयाचा नव्हता, पैशाचाही नव्हता. ज्या स्वप्नाची किंमत चौघे मोजणार, ते एकट्याने ठरवायचे का? बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाविषयी प्रभू येशू बोलला, हे आपल्याला ठाऊक आहे. संसारात तो हिशेब एकट्याने बसून होत नाही. लग्नाच्या वेळी आपण वेदीपुढे जे वचन देतो, त्यात पुढच्या सगळ्या नकाशांवर दोघांची सही धरलेली असते.

मी त्यांना एक दुःखद घटना आठवण करून दिली. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोडला पावसात धावपट्टीवरून पुढे घसरून खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा जीव गेला. कॅप्टन दीपक साठे आपले मराठी माणूस. हवाईदलात २२ वर्षे सेवा करून २००३ साली, चाळिशी उलटल्यावर, ते नागरी विमानसेवेकडे वळले होते. हवाईदलात असताना झालेल्या एका अपघातातून जिद्दीने उठून ते पुन्हा उडू लागले होते. अशा माणसाला दोष देण्याची माझी पात्रता नाही, आणि चौकशी अहवालाने यंत्रणेतील उणिवाही दाखवल्या आहेत. पण २०२१ च्या त्या अहवालात एक गोष्ट नोंदली आहे. विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले, आणि त्याआधी उजव्या खुर्चीवरून 'गो अराऊंड' असा इशारा दिला गेला होता. म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या, फेरी मारून या. तो इशारा पाळला गेला नाही.

वैमानिकाच्या शिक्षणात पुन्हा वर जाणे ही नामुष्की मानत नाहीत. ते चांगल्या वैमानिकाचे लक्षण मानतात. आणि ती सूचना कनिष्ठाकडून आली तरी ऐकायची असते. अनुभवी, धाडसी, सज्जन माणसालाही शेजारच्या खुर्चीची गरज असते. मी त्यांना म्हणालो, "भाऊ, तुमच्या घरात ती खुर्ची कोणाची आहे ते तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही ती रिकामी ठेवून निघाला आहात."

तीन आठवड्यांनी दोघे मिळून आले. ताई रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "फादर, पैशाची भीती मला आहेच. पण वाईट याचं वाटलं, की आमच्या जमिनीचा विषय दलालाला आधी कळला आणि मला नंतर." भाऊ मान खाली घालून बसले होते. त्या क्षणी त्यांनी काही बचाव केला नाही, हे मला फार मोलाचे वाटले.

त्यांनी मिळून जे ठरवले ते असे. जमीन विकायची नाही. आधी वैद्यकीय तपासणी, कारण तिथेच अडले तर पुढचा वादच संपला. नोकरी सांभाळून लेखी परीक्षा द्यायच्या, त्याला मोठा खर्च नाही. दोन वर्षांत त्या झाल्या, तर कर्जाचा आकडा कागदावर मांडून चौघांनी बसायचे, मुलांनीसुद्धा. त्या आकड्याच्या पुढे जायचे नाही. नाही जमले, तर परत फिरायचे आणि पुढे आयुष्यभर एकमेकांना त्यावरून बोलायचे नाही. ही शेवटची अट ताईंनी घातली.

त्यांना मी जे. आर. डी. टाटांविषयीही सांगितले. १९२९ साली त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला, १९३२ साली त्यांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले, आणि १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, तोच प्रवास पुन्हा केला. पगारी वैमानिक ते कधीच नव्हते. एखाद्या गोष्टीवर जीव असणे आणि तिच्यावर घर चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी जमली नाही म्हणून पहिली खोटी ठरत नाही.

तुम्ही म्हणाल, फादर, आमच्यातले कोण विमान चालवायला निघाले आहे? खरे आहे. आपल्या भागातली कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात. त्यांना तुम्हाला काय व्हायचे आहे, असे कुणी विचारत नाही. काम बदलण्याचा विचार करता येणे हेच एक देणे आहे, आणि ज्याला ते मिळाले त्याने ते जपून वापरावे. पण चाळिशीची एखादी बहीण नर्सिंग शिकू पाहते, एखादा भाऊ नोकरी सोडून दुकान टाकू पाहतो, एखादा गाव सोडू पाहतो. त्या सर्वांना हेच प्रश्न लागू आहेत. मी पुन्हा बाकावर बसायला तयार आहे का? माझ्या स्वप्नाची किंमत कोण मोजणार, आणि त्यांना मी विचारले आहे का? परत फिरायची वेळ आली, तर शेजारचा आवाज मला ऐकू येईल का?

या तिन्ही प्रश्नांना प्रामाणिकपणे 'हो' म्हणता आले, तर वयाला घाबरू नये. अब्राहाम देश सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता, आणि तो सारेला बरोबर घेऊन निघाला होता.

भाऊ वैद्यकीय तपासणीत पास झाले आहेत. पहिली लेखी परीक्षा व्हायची आहे. रात्री एकाच टेबलावर मुलगा आणि ते अभ्यासाला बसतात, असे ताईंनी परवा फोनवर सांगितले. ते विमान चालवतील की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण त्यांच्या घरातली उजवीकडची खुर्ची आता रिकामी नाही. त्यांच्यासाठी, आणि आपापल्या घरात मोठा निर्णय घेऊ पाहणाऱ्या सर्वांसाठी, या रविवारी मिस्सामध्ये आठवणीने प्रार्थना करू या.

तुमचा,
धर्मगुरू