मांडव्याची मर्यादा

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला, मौनात असलेले ऋषी काही बोलले नाहीत, आणि राजाच्या माणसांनी त्यांनाही चोर ठरवून सुळावर चढवलं. तपाच्या बळावर ते वाचले, पण सुळाचं टोक अंगात राहिलं, म्हणून लोक त्यांना अणीमांडव्य म्हणू लागले. पुढे त्यांनी थेट धर्मराजाला जाब विचारला की हे माझ्या कोणत्या पापाचं फळ. लहानपणी तुम्ही कीटकांच्या शेपटात गवताच्या काड्या खुपसल्या होत्या, असं उत्तर आलं. मांडव्यांना तो न्याय पटला नाही. अजाण वयातल्या कृत्याला एवढी शिक्षा करणाऱ्या धर्मालाच त्यांनी माणसाच्या जन्माला जाण्याचा शाप दिला (तोच पुढे विदुर झाला), आणि चौदा वर्षांच्या वयापर्यंत केलेल्या कृत्याचं पाप लागणार नाही, अशी मर्यादा घालून दिली. आता यात एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. मांडव्यांनी त्या काड्या खुपसल्या होत्या त्या जागेपणी, स्वतःच्या हाताने. तरीही परंपरेने त्यांची बाजू घेतली. मग ज्याची गादी झोपेत भिजते त्या सात वर्षांच्या मुलाकडे कोणत्या न्यायाने पाहायचं? आपल्या कितीतरी घरांत त्याला आजही ‘एवढा घोडा झालास तरी’ ऐकावं लागतं, ओली चादर भावंडांसमोर झटकली जाते, सुट्टीत मामाकडे राहायला जायची त्याची हिंमत होत नाही. हा प्रश्न बालरोगतज्ज्ञांचा आहे असं आपण म्हणतो, पण त्याच्या बुडाशी नीतीचा फार जुना प्रश्न आहे: इच्छेशिवाय घडलेल्या गोष्टीचा दोष लागतो का? माझं उत्तर आहे, लागत नाही. त्यापुढे जाऊन मी असंही म्हणेन की दोष लावण्याची ही सवय आजाराचं निदानच होऊ देत नाही.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. झोपेत लघवी होणं हा पाच वर्षांच्या आत वैद्यक आजार मानतच नाही. पाचव्या वर्षी साधारण सहा-सात मुलांमागे एकाचं अंथरूण अधूनमधून तरी ओलं होतं. अशा मुलांपैकी दरवर्षी सुमारे १५ टक्के आपोआप कोरडी होतात, आणि मोठेपणीही शंभरात एखाद्याला हा त्रास राहतो. रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक जास्त सुटतं, मूत्रपिंडं कमी लघवी तयार करतात, म्हणून आपण सात-आठ तास न उठता झोपू शकतो. काही मुलांत ही रात्रीची वाढ पुरेशी होत नाही, हे डेन्मार्कमधल्या आऱ्हूसच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवलं. काहींचं मूत्राशय पुरतं भरण्याआधीच आकसतं. आणि मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत गेला तरी यांतल्या बहुतेकांना त्याने जाग येत नाही. आनुवंशिकता तर ठळकच आहे. आई आणि वडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल तर त्यांच्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना तो होतो; दोघांपैकी कुणालाच नसेल तर सातांत एखाद्याला. म्हणजे ज्याचा हात मुलावर उगारला जातो, त्याची गोधडीही एके काळी अंगणात वाळत पडलेली असण्याचा संभव बराच असतो. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात स्तुती आणि निंदा माणसाच्या इच्छेने झालेल्या कृतींपुरत्याच ठेवल्या आहेत. इथे इच्छा शोधायची कुठे? कर्ताच झोपलेला आहे.

आपल्याकडे या बाबतीतली कठोरता पुष्कळदा सोवळ्या-ओवळ्याच्या नावाने येते, जणू शास्त्रानेच ती सांगितली आहे. शास्त्र वेगळंच सांगतं. गौतमाच्या धर्मसूत्रात मुंजीआधीच्या मुलाला वागण्या-बोलण्या-खाण्याची मोकळीक दिली आहे, आणि मलमूत्राचा तिथे मुद्दाम उल्लेख आहे: त्याबाबत त्याला नियमांचं बंधन नाही, आचमनाचा विधीही नाही. शार्ङ्गधरसंहितेत ‘शय्यामूत्र’ येतं ते बालरोगांच्या गणनेत. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय. धरून ठेवू नयेत असे शरीराचे तेरा वेग चरक तिथे सांगतात, आणि त्यांत लघवीचा वेग आहे. त्याच अध्यायात धरून ठेवायलाच हवेत असे वेगही सांगितले आहेत, ते मनाचे: लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या. ओल्या गादीभोवती घरात जे घडतं ते या अध्यायाच्या नेमकं उलट असतं. मुलाला लघवी धरायला बजावलं जातं, आणि जो क्रोध धरायचा तो मोठी माणसं मोकळा सोडतात. पूर्वकर्माचं फळ म्हणून हे मुलाच्या वाट्याला आलं, असं म्हणणारेही आहेत. कर्मविपाक मानणाऱ्यालाही मांडव्याची कथा टाळता येत नाही. तिथे फळ वाटून देणारा धर्मच चुकीचा ठरला. आणि दुःख कशामुळे आलं हे सांगणाऱ्या सिद्धांतातून, त्या दुःखात आपण भर घालावी असा अधिकार कुणाला मिळत नाही.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप असतो: काहीही म्हणा, धाक घातला की पोरं सुधारतात. या आक्षेपाचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार जॉर्ज ऑर्वेल आहे. त्याच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापल्या गेलेल्या शाळेच्या आठवणींत त्याने लिहिलंय की आठव्या वर्षी इंग्लंडमधल्या निवासी शाळेत पाठवल्यावर त्याचं अंथरूण ओलं होऊ लागलं. त्याबद्दल त्याला मारलं. लागलं नाही, असं तो बाहेर येऊन म्हणाला. ते ऐकू गेलं आणि त्याला पुन्हा मारलं, इतकं की छडी मोडली. पुढे त्रास थांबला, हे तो लपवत नाही. पण जाताना त्या मुलाच्या मनात एक खात्री बसली: आपली इच्छा नसताना, आपल्याला कळतही नसताना, आपल्या हातून पाप घडू शकतं आणि ते टाळणं आपल्या हाती नसतं. आठ वर्षांच्या मुलाला याहून भीषण धर्मशिक्षण कोणतं देता येईल, मला सुचत नाही. आता माराने गुण आला का, हे पाहू. घरापासून तुटलेलं मूल नव्या जागी हळूहळू रुळतं, आणि दरवर्षी शंभरातली पंधरा मुलं काहीही न करता बरी होतात. त्या वर्षात जो उपाय चालू असेल त्याच्या खात्यावर गुण जमा होतो, मग तो मार असो, ताईत असो, नवस असो की अंगारा. हीच कसोटी डॉक्टरांच्या उपायांनाही लावायला हवी, आणि ती लावलेली आहे. अंथरूण ओलं होताच घंटा वाजवणारं अलार्मयंत्र उपचार न घेतलेल्या मुलांशी तुलना करून पाहिलं गेलं. ते वापरताना सुमारे दोन-तृतीयांश मुलं कोरडी झाली, नुसती वाट पाहणाऱ्यांतली फारच थोडी. मारापाशी असा कुठलाही पुरावा नाही.

शिक्षेने होणारं मोठं नुकसान मात्र याहून निराळं आहे, आणि तिथे थोडं थांबायला हवं. या आजाराचं निदान यंत्रावर फारसं होत नाही. ते विचारून आणि लिहून होतं. मूल किती वेळा जातं, घाईने जातं का, धार जोरात पडते की थेंबथेंब, दिवसा चड्डी ओली होते का, शौचाला खडा होतो का, हे डॉक्टर विचारतात. दोन-तीन दिवसांची वही भरायला सांगतात: किती प्यालं, किती वाजता, आणि मापाच्या भांड्यात धरलेली लघवी किती मिलिलिटर भरली. मुलाच्या वयात एक मिळवून तीसने गुणलं की त्या वयाला अपेक्षित मूत्राशयाचा आकार कळतो. सात वर्षांच्या मुलाचा २४० मिलिलिटर. वहीत दर वेळी ८०-९०च दिसत असेल तर उत्तराचा अर्धा भाग तिथेच सापडतो. बद्धकोष्ठ असेल तर साचलेला मळ मूत्राशयावर दाबतो, आणि पोट साफ राहू लागल्यावर कित्येक मुलांची गादीही कोरडी राहू लागते. यातली जवळजवळ सगळी माहिती मुलाच्या तोंडून यायची असते. लाजेने ज्याचं तोंड बंद केलंय ते मूल ‘नाही, काही होत नाही’ एवढंच सांगतं. ओली चड्डी कपाटामागे कोंबतं. आणि मग राहून जातं ते गंभीर असतं. एखाद्या मुलीची मूत्रवाहिनी जन्मतःच भलत्या जागी उघडत असते. ती नीट लघवीला जाते, तरी दिवसभर थेंब गळतच राहतात, आणि घरचे तिला वर्षानुवर्षं गबाळी म्हणत राहतात. एखाद्या मुलाच्या मूत्रमार्गात जन्मजात पडदा असतो, धार बारीक पडते आणि मागे मूत्रपिंडं खराब होत जातात. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, सारखं पाणी मागू लागलं, वाळू लागलं, तर तो मधुमेह असू शकतो. त्याच दिवशी साखर तपासायला हवी. कुणी घाबरवल्याने, कुणी छळल्यानेही असं पुन्हा सुरू होतं, आणि नेमकं तेच मूल सांगायला सगळ्यात जास्त घाबरतं. दोष देणारा माणूस कारण आपल्याला ठाऊकच आहे असं धरून चालतो. म्हणून तो पुढे पाहत नाही.

झोपेचं ठीक, पण जागेपणी होतं त्याचं काय, हा अवघड आक्षेप आहे, कारण इथे इच्छा पूर्ण गैरहजर नसते. खेळता खेळता एखादी मुलगी एकदम थांबते, पाय आवळते, खाली बसून टाच दोन पायांच्या मध्ये घट्ट दाबून धरते. चेहरा ताणलेला, नजर कुठेतरी लांब. अर्ध्या मिनिटात ती उठते, पुन्हा पळते, आणि तोवर थोडी चड्डी भिजलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, आळस, खेळ सोडवत नाही. प्रत्यक्षात मूत्राशय अवेळी आकसलेलं असतं, आणि ती सगळा जोर लावून ते अडवत असते. ज्याला आपण निष्काळजीपणा म्हणतो तो तिचा आटोकाट प्रयत्न असतो. दुसऱ्या काही मुलांत धरून ठेवण्याची सवयच आजाराचं मूळ असते, आणि ही सवय लावतं कोण? तास चालू असताना बाहेर सोडायचं नाही हा नियम, कडी नसलेलं, पाणी नसलेलं शाळेचं स्वच्छतागृह, त्यामुळे घरून निघताना पाणीच न पिणाऱ्या मुली. इच्छेचा वाटा शोधायचाच असेल तर तो इथे आहे, आणि तो मुलांचा नाही.

उरतो तो शिक्षकांचा आणि पालकांचा खरा, कळकळीचा आक्षेप: दोषच काढून घेतला तर मूल प्रयत्न कशाला करेल? पी. एफ. स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६२च्या आपल्या निबंधात दाखवलं की माणसाला दोष देणं सोडून आपण त्याच्याकडे केवळ हाताळायची बाब म्हणून पाहू लागतो, तेव्हा त्याचं माणूस म्हणून असलेलं स्थानच काढून घेत असतो. ही भीती खोटी नाही. दवाखान्यात मुलाच्या डोक्यावरून आईवडिलांशीच बोललं जातं, तेव्हा तेच होतं. पण दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि चांगला उपचार त्या फरकावरच उभा असतो. १९०४ साली फाउंडलर या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने नर्सना ओलं झाल्याचं कळावं म्हणून घंटा बसवली, तर मुलंच बरी होऊ लागली. १९३८ साली अमेरिकेत मोवरर दांपत्याने त्यातून उपचार उभा केला. आजही अलार्म वाजला की पहिले काही आठवडे सगळं घर उठतं आणि मूल तेवढं झोपून राहतं. त्याला हलवून जागं करावं लागतं, पण मग घंटा बंद करणं, लघवीला जाऊन येणं, मेणकापड पुसून चादर बदलायला हात लावणं हे त्याचं काम असतं. रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी घेतल्यावर रात्री पाणी प्यायचं नाही, कारण रक्तातलं सोडियम धोकादायक उतरू शकतं. हे पथ्य समजून पाळणं हेही त्याचंच. दिवसा दोन-तीन तासांनी जाणं, पाय टेकवून निवांत बसणं, सकाळ-दुपार भरपूर पाणी पिणं, सगळं त्याच्या हातातलं. इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१० सालच्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे की बक्षीस द्यायचं ते ठरलेल्या गोष्टी केल्याबद्दल, कोरड्या रात्रीबद्दल नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अधिकार कर्मापुरता सांगितला, फळाचा नाही; तो विचार मुलाच्या तक्त्यावर बक्षीस म्हणून चिकटवायच्या चांदण्यांना अक्षरशः लागू पडतो. कोरड्या रात्रीला चांदणी देणं म्हणजे ओल्या रात्रीला दोष देणंच झालं.

वयाची सवलत मात्र कधीतरी संपते, आणि तिथे मांडव्याची मर्यादा अपुरी पडते. सोळाव्या वर्षीही ज्याची गादी ओली होते त्याला ती कथा तारत नाही. त्याला तारायचं तर ‘लहान आहे’ हे कारण सोडून ‘त्याच्या हातात नाही’ हेच कारण धरावं लागतं. पाठीच्या कण्यातल्या जन्मजात दोषाने ज्यांच्या मूत्राशयाच्या नसा कामच करत नाहीत, त्या मुलांच्या बाबतीत ते सगळ्यात स्पष्ट दिसतं. जॅक लॅपिड्स या अमेरिकी शल्यविशारदाने १९७२ साली दाखवलं की दिवसातून ठरावीक वेळांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं केलं तर या मुलांची मूत्रपिंडं वाचू शकतात. आज दहा-बारा वर्षांची मुलं हे स्वतः शिकतात, दर तीन-चार तासांनी करतात, शाळेच्या दिवसातही. त्यासाठी शाळेत कडी लागणारी, नळाला पाणी असलेली एक खोली लागते, आणि मधल्या सुट्टीची वाट न पाहता जाऊ देणारा शिक्षक लागतो. ती खोली बांधायची की नाही, आणि त्या मुलाला तासातून उठू द्यायचं की नाही, हे निर्णय पूर्ण जागेपणी आणि पूर्ण इच्छेने घेतले जातात, आणि त्यांचा जाब मागता येतो.