मन जाणणाऱ्याचें उत्तरदायित्व

मनाचें शास्त्र आणि संगणकाचें शास्त्र हीं दोन्ही एकाच विद्वानानें आत्मसात् केलीं, तर त्याच्यावरील नैतिक भार वाढतो कीं वांटला जातो? जळगांव-धुळ्याकडील जे तरुण या दोन विद्यांच्या सीमेवर आयुष्य वेंचूं पाहतात, त्यांच्या दृष्टीनें हा प्रश्न वेतनाच्या प्रश्नाहून कमी महत्त्वाचा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

खानदेशाला मनाचा विचार नवा नाहीं. प्रतापशेठजींनीं १९१६ सालीं अमळनेरास तत्त्वज्ञान मंदिर स्थापिलें. १९९० सालीं जळगांवास निघालेल्या विद्यापीठाला २०१८ सालीं ज्यांचें नांव मिळालें, त्या बहिणाबाई चौधरींनीं अक्षरओळख नसतांहि मनाच्या चांचल्यावर काव्य रचिलें. परंतु तेथें पाहणारा बहुधा स्वतःचेंच मन पाहत होता. संगणकामुळें लाखों परक्यांचीं मनें दुरून न्याहाळतां येऊं लागलीं.

या दुहेरी विद्येचें ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील हर्बर्ट सायमन. पिट्सबर्ग येथें ते मानसशास्त्र व संगणकशास्त्र या दोहोंचे प्राध्यापक होते. कोडें सोडवितांना माणसाला आपले विचार मोठ्यानें बोलावयास लावून ते टिपावयाचे आणि त्याच पायऱ्या यंत्राकडून करवून पाहावयाच्या, ही त्यांची व ॲलन न्यूएल यांची पद्धति. १९७५ सालीं दोघांना ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. माहिती वाढली म्हणजे माणसाचें अवधान खर्ची पडतें, हें सायमन यांनीं १९७१ सालींच दाखविलें होतें. आज त्याच अवधानाचा व्यापार चालतो.

दुसरे जोसेफ वायझेनबॉम. त्यांची १९६६ सालची ‘एलायझा’ ही संगणक-योजना बोलणाऱ्याचेच शब्द फिरवून प्रश्नरूपानें परत करी. तिला कळत कांहींच नव्हतें. तरीहि लोक तिच्यापाशीं मन मोकळें करूं लागले. तें पाहून तिचा कर्ताच अस्वस्थ झाला, आणि कोणतीं कामें यंत्राकडे सोंपवूं नयेत, याचा विचार त्यानें १९७६ सालच्या ग्रंथांत मांडला.

ज्ञान तटस्थ असतें, असा आक्षेप येईल. पण केवळ यंत्र जाणणारा म्हणूं शकतो कीं, मनावरील परिणाम मला ठाऊक नव्हता. केवळ मन जाणणारा म्हणूं शकतो कीं, माझा हात चार माणसांपलीकडे पोंचत नाहीं. दोन्ही जाणणाऱ्याला या दोन्ही सबबी बंद होतात. जळगांवच्या सराफाला तराजूहि कळतो आणि गिऱ्हाइकाची हौसहि कळते. म्हणूनच त्याच्या सचोटीला आपण एवढें मोल देतों.

कोणी विचारील, कीर्तनकारहि मनें वळवितोच ना? वळवितो खरा, परंतु तो समोर उभा असतो, आपण वळविले जात आहों हें श्रोता जाणतो, आणि त्याला उठून जातां येतें. यावरून एक कसोटी मिळते: ज्याच्या मनावर प्रयोग करावयाचा, त्याला तो उघडपणें सांगतां येईल काय? सांगतांच जो फसेल, तो प्रयोग ज्ञानाचा नव्हे, लबाडीचा.

ही कसोटी पाळणाऱ्याला कांहीं चांगल्या पगाराच्या जागा नाकाराव्या लागतील, हें आम्ही लपवीत नाहीं. म्हणून मुलगा वा मुलगी किती मिळवते, हें विचारणाऱ्या घरानें, ती कोणाच्या मनाशीं काय करते, हेंहि विचारावें. आणि तिनें एखादी जागा सोडली, तर तिच्या पाठीशीं उभें राहावें.